वर्ध्यापुढचा रस्ता

पुतण्यानं मोशीला फ्लॅट घेतला. "काका, गॅलरीतून नदी दिसते, एकदा या तरी," असं तो वर्षभर म्हणत होता. शेवटी गेलो. सातव्या मजल्यावरची गॅलरी. नदी दिसली, म्हणजे तिच्यावरचा पांढरा फेस दिसला. त्याची बायको चहा टाकते म्हणाली, पण मला तिथं बसवेना. "जरा पाय मोकळे करून येतो," म्हणालो आणि लिफ्टनं खाली उतरून थेट इंद्रायणीवरच्या जुन्या पुलाकडं निघालो.

रविवारची सकाळ होती. शेजारच्या रुंद रस्त्यावरून चाकणचे कंटेनर धडधडत होते. जुन्या पुलावर मात्र कुणी नव्हतं. मी कठड्याला टेकून उभा राहिलो, तेवढ्यात पलीकडून एक मुलगी पळत आली. पायांत गुलाबी बूट, कानात वायरी. तिच्या मागं सायकलवर एक पोरगा, हँडलला पाण्याची बाटली अडकवलेली. "खांदे सैल सोड, खांदे!" असं तो मागून ओरडत होता. दोघं माझ्यासमोरून गेली आणि वळणावर दिसेनाशी झाली. मी त्या वळणाकडं बघतच राहिलो.

पारू, माझी बायको, याच रस्त्यावर पळायची आणि मी मागून सायकलवर असायचो. तिला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांत माणूस विसरतो म्हणतात. कोण म्हणतात कुणास ठाऊक, मला तरी तसा कुणी भेटलेला नाही.

ती मोशीचीच. तिचा बाप देहूरोडच्या लष्करी डेपोत हमाल होता. तो घरून निघताना भाकरी झालेली नसायची, म्हणून दुपारच्या भोंग्याच्या आत ती डेपोच्या फाटकावर पोचवायचं काम या पोरीकडं. चिखली, तळवडे, मग देहूरोड. बाकीच्या पोरी चालत जायच्या आणि बापांना गार भाकरी मिळायची. हिनं ठरवलं की आपल्या बापाला गरम मिळाली पाहिजे. फडक्यात बांधलेली भाकरी छातीशी धरून ती पळत सुटायची. बाभळीचे काटे, बाजरीच्या कणसांवरचे थवे, देहूरोडजवळ आलं की लष्करी गाड्यांच्या डिझेलचा वास. लग्नानंतर ती हे सगळं मला वासांनी सांगायची, गावांच्या नावांनी नाही. "जिथं गुळाचा वास यायचा तितनं फुडं उतार हाय," असं.

मी पिंपरीच्या एका कंपनीत फिटर होतो. आमची खोली देहूरोडच्या वस्तीत, वर पत्रा, पुढं विहार. हाताला मशीनच्या तेलाचा वास इतका मुरलेला की जेवताना भाजीलाही तोच लागायचा. पळण्याशी माझा काही संबंध नव्हता. मला बस पकडायलासुद्धा पळवत नसे. सुटली तर सुटली, दुसरी येईल, अशा वळणाचा मी माणूस. आणि पदरात पडली ती ही, जिला पाणी आणायला जाताना रिकामी घागर घेऊन पळायचं असायचं.

दरवर्षी दसऱ्याला आमच्या वस्तीतली माणसं नागपूरला दीक्षाभूमीवर जायची. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, चटणी-भाकरीची गाठोडी. कुणी रेल्वेनं, कुणी ट्रक करून. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला मी पारूला म्हटलं, "चल, आपणही जाऊ." ती भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "दीक्षा घ्यायला बा गेला तवा मी रडूनरडून मागं लागले हुते. ल्हान हाय म्हनून न्हेलं न्हाई. आता मला कुनी न्ह्यायला नको. मी माज्या पायानं जाईन."

"चालत?"

"पळत."

मी हसलो. ती हसली नाही. मग माझंही हसू विरलं.

तेव्हापासून आमच्या घरात एवढा एकच विषय. कुणाला सोन्याची हौस असते, कुणाला पोराबाळांची ओढ. पोरं आम्हाला झाली नाहीत. त्याचं दुःख तिनं कधी बोलून दाखवलं नाही, पण नागपूरचं मात्र रोज बोलायची. विहारापासून निघायचं, मोशीचा पूल ओलांडायचा, चाकणवरून शिक्रापूरला जाऊन नगरचा रस्ता धरायचा आणि थेट दीक्षाभूमीवर जाऊन बसायचं. मी सायकलवर मागं. कॅरिअरला वळकटी, स्टोव्ह, पाणी. महिनाभर लागला तरी चालेल म्हणायची.

महिन्याची रजा कोण देतो? मी साहेबांकडं गेलो तर ते खुर्चीत मागं रेलून हसले. "बायको पळाली म्हणून रजा मागणारे पाहिले. बायकोला पळवायचंय म्हणून मागणारा तू पहिलाच, राव." अख्ख्या शॉपमध्ये ते पसरलं. पुढं कित्येक दिवस चहाच्या सुट्टीत मला कुणी ना कुणी विचारायचं, "काय, वहिनी सापडल्या का?"

तर आम्ही रविवारी चाकणपर्यंतच पळायला लागलो. आम्ही म्हणजे ती. काष्टा घातलेलं लुगडं, पदर कमरेला खोचलेला. मी पुण्याहून कॅनव्हासचे पांढरे बूट आणले होते. तळवड्यापर्यंत तिनं ते पायांत ठेवले, मग काढून माझ्या हँडलला अडकवले. "पायाला रस्ताच कळंना ह्यातनं," म्हणाली. ती पळायची आणि मी मागून घंटी वाजवत ठेका धरायचो. चढाला हळू, सपाटीला जरा भरभर. दिघीच्या बाजूला लष्कराचा गोळीबाराचा सराव चाललेला असायचा, त्याचे आवाज लांबून येत. मोशीच्या फाट्यावर सायकल दुरुस्तीवाले चाचा बादलीतलं गार पाणी काढून तयार असायचे. कुरुळीच्या पुढं वारा फिरला की चाकणच्या कांद्याचा वास यायचा, आणि तो आला की ती माझ्याकडं न बघता वेग वाढवायची. बाजारात पोचल्यावर भजी, चहा. परत येताना ती कॅरिअरवर एका अंगानं बसायची, माझ्या पाठीला डोकं टेकून झोपायची. झोपलेल्या माणसाला कॅरिअरवर सांभाळत सायकल चालवणं काय असतं, ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. मला ते फार आवडायचं.

शेजारी एक एसटीचे ड्रायव्हर राहायचे, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. नागपूरची गाडी त्यांनी अनेक वर्षं चालवलेली. एका रविवारी आम्ही परतलो तेव्हा ते दारात दाढी करत बसले होते. सहज म्हणाले, "पारू, आजचं जेवढं पळालीस ना, तेवढंच चाकणच्या पुढं पळाली असतीस तर शिक्रापूर आलं असतं."

झालं. पारूच्या डोक्यात ते बसलं. पुढच्या रविवारी ती पुन्हा चाकणपर्यंतच पळाली, पण चहा पिताना म्हणाली, "आज आपन शिरूरच्या अलीकडं हाय." आणि मग तो खेळच होऊन गेला. रस्ता तोच, पूल तोच, पण दर रविवारी आम्ही नागपूरच्या रस्त्यावर तेवढेच पुढं सरकायचो. शनिवारी संध्याकाळी मामा ओट्यावर बसून उद्याचा टप्पा सांगायचे. "उद्या नगर लागंल. त्याच्या आधी घाट हाय, तवा सुरुवातीला दम राखून ठेव." आणि दुसऱ्या दिवशी ती खरंच सुरुवातीला दम राखून पळायची, चिखलीच्या सपाट रस्त्यावर. मी मागून म्हणायचो, "अगं, इथं कुठं घाट?" तर मान न वळवता म्हणायची, "तुमी नुसतं शीट धरून बसा. घाट मला लागलाय."

ज्या रविवारी गोदावरी आली, त्या दिवशी ती या पुलाखाली उतरली होती. इंद्रायणीचं पाणी तेव्हा स्वच्छ होतं, तळाचे गोटे दिसायचे. पावलं बुडवून उभी राहिली, ओंजळभर पाणी तोंडावर घेतलं आणि वर बघून मला म्हणाली, "लई मोठी हाय वो गोदावरी." चाचा फाट्यावरून ओरडत होते, "आज कहाँ तक, बहन?" तिनं खालूनच हात हलवला. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मलाही पलीकडचा काठ लांब वाटला होता.

आमच्या पलीकडच्या खोलीत केवळाबाई नावाची बाई नव्यानं राहायला आली होती, जालन्याकडची. वस्तीतल्या बायकांच्या बोलण्यातून तिच्या कानावर आलं की पारू या ऐतवारी जालन्याला पोचणार. शनिवारी तिनं आमच्या दारात एक गाठोडं आणून ठेवलं. "तुमी जालन्याला चाललाव म्हनं. माझ्या भनीला एवढं द्या की वो. बाळंतीण हाय ती. डिंकाचे लाडू हायेत, फुटू देऊ नका पळताना."

पारूनं माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं. तिनं गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं आणि म्हणाली, "देते, बाई. पत्ता सांगा." केवळाबाई गेल्यावर ती हसायला लागली. हसता हसता खाली बसली, आणि बघतो तर डोळ्यांतून पाणी. "अवं, तिला खरं वाटलं," म्हणाली. "कुनाला तरी खरं वाटलं." लाडू मामांनी गाडीतून जालन्याला पोचवले. पंधरवड्यानं त्यांच्याबरोबर उलट निरोप आला की पळणाऱ्या बाईंना सांगा, आमच्या दारावरून जाल तेव्हा चहा घेतल्याशिवाय जायचं नाही. त्यानंतर पारूचं नागपूर हा आम्हा दोघांचाच खेळ राहिला नाही. तिकडं जालन्यात कुणीतरी दारात उभं राहून तिची वाट बघत होतं.

दोन उन्हाळे गेले असतील. मेहकर झालं, कारंजा झालं, पुलगाव झालं. एका रविवारी चाकणच्या बाजारात पोचल्यावर मी म्हटलं, "वर्धा आलं, पारू. आता दोन-चार रविवार, की नागपूर." मी भज्यांची पुडी उलगडत होतो. ती नुसती उभी होती.

"आता बास," म्हणाली.

"म्हणजे?"

"वर्ध्याच्या फुडं खोटंखोटं जायचं न्हाई. बाकी समदं चालंल, पर तितं मी खोटी पोचनार न्हाई. फुडचं खरंच पळायचं, पार विहारापासनं सुरवात करून."

मी वाद घातला नाही. तिच्याशी वाद घालून उपयोग नसे, आणि खरं सांगायचं तर मला तिचं पटलंही होतं. मी पुन्हा साहेबांकडं गेलो. हे साहेब नवे होते, ते हसले नाहीत. "पुढच्या दसऱ्याला घे," म्हणाले. पारूनं वळकटीला नवे पट्टे शिवले. तो दसरा आला तेव्हा कंपनीला टाळं लागलेलं होतं आणि आम्ही सगळे फाटकाबाहेर मांडवात बसलेलो. त्याच्या पुढच्या दसऱ्याला माझी आई अंथरुणाला खिळलेली. पारूनं तिचं सगळं केलं, एका शब्दानं कुरकुर केली नाही. रविवारी मात्र पळायची. पण कुठल्या गावाचं नाव घ्यायची नाही. चाकण म्हणजे नुसतं चाकण.

मग एका थंडीत, फाट्यावर पाणी प्यायला थांबली ती लवकर हललीच नाही. बादलीच्या कडेला हात धरून उभी राहिली. चाचांनी स्टूल पुढं केलं. ओठ निळसर दिसत होते. "काय न्हाई, वारा लागला," म्हणाली. पुढच्या रविवारी चिखलीतच थांबली.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी बराच वेळ तिच्या छातीला नळी लावून ऐकलं. लहानपणी सांधे धरून ताप आला होता का, असं विचारलं. आला होता म्हणाली, पळायच्या आधी. डॉक्टर म्हणाले, हृदयाची एक झडप खराब झालीय. "पळणं तर सोडाच, बाई, पाण्याची घागरही उचलायची नाही."

"चाललं तर चालंल का?" तिनं विचारलं.

"घरातल्या घरात."

बाहेर पायऱ्यांवर बसलो आम्ही. समोर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं, त्याची घुंगरं वाजत होती. मी म्हटलं रस घेतेस का. ती म्हणाली घेते. अर्धा ग्लास पिऊन उरलेला मला दिला आणि म्हणाली, "त्या जालन्याच्या बाईला काय सांगायचं वो?" मला रडू आलं. भर रस्त्यात, हातात रसाचा ग्लास घेऊन मी रडलो. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, लोक बघत्यात.

त्यानंतर फार वर्षं लोटली नाहीत. एकदा पावसाळा संपताना तिनं हट्ट धरला की मोशीच्या पुलापर्यंत न्या. कॅरिअरवर उशी बांधून नेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तेव्हा पत्र्याच्या शेड उभ्या राहायला लागल्या होत्या. बाजरीच्या वासात कुठंकुठं रंगाचा आणि वेल्डिंगचा वास मिसळलेला. तिचं वजन इतकं कमी झालं होतं की ती मागं आहे ना, हे बघायला मी सारखा मान वळवत होतो. पुलावर आल्यावर माझ्या मनात आलं ते मी बोलून टाकलं. "पारू, तू नुसती बस. मी चाकणपर्यंत नेतो. दोन-चार वेळा असंच जाऊ. नागपूर पुरं करू."

ती कठड्यावरून पाण्याकडं बघत होती. गोटे दिसत होते अजून. मग म्हणाली, "तुमच्या पायानं पुरं झालं तर ते तुमचं नागपूर हुईल. माजं माज्याकडंच राहू द्या."

त्या थंडीत ती गेली. सकाळची वेळ होती, डेपोचा भोंगा होत होता. त्याच्याविषयी मला याहून जास्त काही लिहायचं नाही.

पुलावर उभा होतो तर खिशात फोन वाजला. पुतण्या. "काका, कुठं राहिलात? चहा गार झाला." आलो म्हणालो. तो म्हणाला, "आणि ऐका ना, यंदा दसऱ्याला नागपूरला गाडी काढतोय. आता नवा रस्ता झालाय, सकाळी निघालं की संध्याकाळी पोचतो. तुम्ही चला बरं का. तुम्ही कधी गेलाच नसाल ना?"

गेलोय, म्हणालो. एकदा गेलोय.

ती गेल्यानंतरच्या दसऱ्याला वस्तीचा ट्रक निघाला होता. मामांनी मला हाताला धरून त्यात चढवलं. मला जायचं नव्हतं आणि घरी थांबायचंही नव्हतं. ट्रक नगरच्या अलीकडं घाटाला लागला तेव्हा मला हसू आलं. मामा खरं बोलत होते, घाट होता. गोदावरी आली, ती खरंच मोठी होती. जालन्याला गाडी थांबली, पण मी खाली उतरलो नाही. कुणी दारात उभं असेल तर त्याला तोंड दाखवायची माझ्यात हिंमत नव्हती. मेहकर, कारंजा, पुलगाव. एकेक नाव पाटीवर दिसायचं आणि तिचा आवाज कानात यायचा. सगळा रस्ता मला पाठ होता. वर्धा गेलं, आणि मग मला काहीच ओळखीचं राहिलं नाही. संत्र्याच्या बागा होत्या, काळी माती होती, लांब सरळ रस्ता होता. ट्रकमध्ये बायका गाणी म्हणत होत्या. मी फाळक्याला धरून उभा होतो, आणि मला सारखं वाटत होतं की ट्रक जरा हळू चालवा, कुणीतरी मागं राहतंय.

दीक्षाभूमीवर माणसांचा समुद्र होता. ट्रकमधली माणसं पांगली. मी एका झाडाखाली जरा सावली होती तिथं जाऊन टेकलो. शेजारी एक म्हातारी होती, तिकडचीच, विदर्भातली. पांढरं लुगडं, पुढ्यात गाठोडं. तिनं "जय भीम, भाऊ," म्हणून हात जोडले, मीही जोडले. मग तिनं विचारलं, "एकटेच आले का जी?"

हो म्हणायला मी तोंड उघडलं होतं.

"नाही," म्हणालो. "बायको येतीय मागनं. पळत येतीय."

म्हातारी हसली नाही. "कुठून?"

"पुण्याकडनं."

"अरे बापा," ती म्हणाली. तिनं फाटकाकडं, त्या गर्दीकडं एकदा पाहिलं. मग आपलं गाठोडं उचलून मांडीवर घेतलं आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर हातानं माती सारखी केली. "मंग दमून येईन बिचारी. बसाले जागा लागंन तिले."

मी माझा टॉवेल तिथं अंथरला. संध्याकाळपर्यंत मी कुणालाही त्यावर बसू दिलं नाही.